काचेतली बाई

४ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुरू झाली. ही वही लेकीने दिली आहे. जाताना म्हणाली, "आई, रोज लिही असं म्हणत नाही, पण लिही. आत साठवून ठेवू नकोस." साठवायला आत काहीतरी असावं लागतं, असं मनात आलं. पण तिला गाडी गाठायची होती.

बालवर्गाची खोली तीच. खाली सतरंजी, खिडकीखाली बुटक्या कपाटात ठोकळे, दाराशी चिमुकल्या चपलांची फळी. वाळूची पेटी होती तिथे मात्र आता मोठा पडदा उभा आहे, चाकांच्या घोडीवर. काळा, गुळगुळीत, माझ्याहून उंच. शिवाय प्रत्येक मुलाला पाटीएवढा एकेक टॅब. वाळू मागच्या अंगणात ओतली म्हणे. मांजरांची सोय झाली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक चित्र आहे. अंबाडा, चष्मा, फुगलेले गाल. ती मी. चित्राला बोट लावलं की ती गोष्ट सांगते, गाणं म्हणते, रंग विचारते. आवाज माझाच. मार्चमध्ये घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून सगळं रेकॉर्ड केलं होतं, शाळेत गोंगाट फार म्हणून. कंपनीच्या माणसाने काडेपेटीएवढा माइक दिला होता. तेव्हा हे होते. मे महिन्यात हे गेले.

मुलं सगळी नवी. एकही रडलं नाही. पूर्वी पहिल्या दिवशी निम्मा वर्ग भोकाड पसरायचा आणि मी एकेकाला कडेवर घेऊन खिडकीशी जायची. आज पडदा लावला आणि सगळी गप्प बसली. मीही बसले.

६ सप्टेंबर, बुधवार

एक मुलगी बोलत नाही. हजेरीला "आले" म्हणत नाही, पाणी मागत नाही, धक्का बसला तरी हूं की चूं नाही. पडद्याच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसते. माझी मदतनीस, जिला मुलं ताई म्हणतात, तिने दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं, मौनीबाबा.

"असं म्हणू नये गं," मी म्हणाले.

"प्रेमाने म्हणते हो बाई. बघा ना, नुसतं भस्म फासायचं राहिलंय."

संध्याकाळपर्यंत मीही मनातल्या मनात तिला मौनी म्हणू लागले होते.

१४ सप्टेंबर, गुरुवार

काम सोपं झालं आहे. सकाळी पडदा लावायचा, दुपारी बंद करायचा. मधल्या वेळात नाकं पुसायची, बटणं लावायची, चपला डाव्याउजव्या करायच्या. घसा दुखत नाही. पूर्वी गुरुवारपर्यंत आवाज बसायचा आणि हे मिठाच्या पाण्याचा पेला हातात देऊन म्हणायचे, "घ्या, गानकोकिळा." आता गुळण्या करायचं कारण उरलं नाही.

वर्गात एक मुलगा आहे. त्याला उठता बसता प्रश्न पडतात, म्हणून ताईने त्याला शंकासुर केलं आहे. आज मी त्याच्या बुटाची नाडी बांधत होते. तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.

"बाई, तू काचेतल्या बाईची आई आहेस का?"

"नाही रे. ती मीच आहे."

त्याने मान हलवली. मोठी माणसं थापा मारतात हे त्याला ठाऊक असल्यासारखी. "ती हसते," म्हणाला, आणि नाडीची गाठ पुरती बसायच्या आत पळाला.

मला काही वाटलं नाही. घरी येऊन तोंड धुतलं, पाव भाजला, खाल्ला.

१८ सप्टेंबर, सोमवार

त्या हसण्याबद्दल लिहून ठेवते.

मुलांची सगळ्यात आवडती गोष्ट अस्वलाच्या टोपीची. अस्वलाची टोपी हरवते. ते पलंगाखाली बघतं, विहिरीत बघतं, शेजारच्या सशाच्या घरी जाऊन त्याची उशी उलटीपालटी करतं. टोपी असते त्याच्याच डोक्यावर. माझीच रचलेली गोष्ट, कितीतरी वर्षं सांगते आहे. तर रेकॉर्डिंगमध्ये "टोपी गेली तरी कुठं?" या वाक्याला मी एकदम हसले आहे. साधंसुधं नाही, खो खो. श्वास लागेपर्यंत. मध्येच "अहो, पुरे!" असं म्हटलं आहे, मग पुन्हा हसू, मग "अहो, खरंच पुरे." मग घसा साफ करून, "हं. तर अस्वल म्हणालं..."

मुलांना तो गोष्टीचाच भाग वाटतो. अस्वलाला उद्देशूनच मी तसं म्हणते असं ती धरून चालली आहेत. ती जागा आली की सगळा वर्ग "अहो, पुरे!" ओरडतो आणि सतरंजीवर लोळतो. मौनी तेवढी ओरडत नाही. नुसते ओठ हलतात. मला तरी हलल्यासारखे वाटले.

का हसले होते ते आठवत नाही.

ऐकताना कानकोंडं होतं. मी शिकले त्या मिशनच्या शाळेत वक्तृत्वाचा तास सिस्टर घ्यायच्या. मेणाने घासलेली लाकडी जमीन, आमच्या वेण्यांना निळ्या फिती, आणि त्यांच्या हातातली पट्टी. ती कधी कुणाला लागली नाही, फक्त टेबलावर वाजायची. "बोलताना हसू नये, मुलींनो, आणि हसताना बोलू नये. दोन्ही वाया जातं." जन्मभर तेवढं एक पाळलं. आणि शाळेच्या पडद्यावर रोज सकाळी माझं हे असं चाललेलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

मौनी आज पडद्याच्या मागे गेली. गोष्ट संपली, बाकीची डबे उघडायला धावली, आणि ही घोडीला धरून वळसा घालून मागच्या वायरींच्या जंजाळात उभी. आधी वर बघितलं. मग वाकून खाली. मग पडद्याच्या पाठीवर बोटाच्या मागच्या बाजूने टकटक केलं, दारावर करतात तसं.

मी घाईने गेले आणि हाताला धरून ओढून काढलं. शॉक लागला असता तर? ती हिसडा मारून माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या साडीच्या पदराचा वास घेतला. मुलांच्या एकेक तऱ्हा.

कंपनीच्या माणसाला सांगून मागच्या बाजूला पुठ्ठा ठोकून घेतला. हा माणूस आठवड्यातून एकदा येतो. पन्नाशीचा, टक्कल, कानामागे पेन्सिल. मुलं त्याला वायरकाका म्हणतात.

"मागे काय शोधत होती पोरगी?" त्याने विचारलं.

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

२ ऑक्टोबर, सोमवार

काल नणंदबाई आल्या होत्या. वयाने माझ्याहून मोठी, म्हणून अजून वन्सं म्हणते. घर आवरून देते म्हणाल्या. आवरण्यासारखं काही नव्हतं, घर लख्ख आहे. फिरता फिरता बाहेरच्या दाराशी थांबल्या.

"ही भाजी धुवायची चाळणी इथे खुंटीवर काय करतेय? टोप्यांच्या खुंटीवर?"

"असू दे."

"अगं, स्वयंपाकघरात ने की. कुणी आलं तर हसेल."

"असू दे, वन्सं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाताना दारात त्यांनी खुंटीकडे पाठ करून चप्पल घातली. मी हल्ली भाजी पातेल्यात धुते. पाणी हाताने अडवायचं. सवय होते.

९ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मधल्या सुट्टीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या वर्गाचा कागद होता. टॅब मुलांना प्रश्न विचारतो, हा रंग कोणता, हे फळ कोणतं, आणि मूल तोंडाने उत्तर देतं. त्यावरून प्रत्येकापुढे एक ठिपका पडतो. हिरवा, पिवळा, लाल. वर्ग बहुतेक हिरवा आहे. एक लाल.

"एकदाही उत्तर नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "कोरी पाटी. असं कधी पाहिलंय तुम्ही?"

"काही मुलं उशिरा बोलतात."

"पूर्वी आपण वाट बघत बसायचो. आता दिसतंय समोर, तर झाकायचं कशाला?" त्या वाईट बाई नाहीत. माझ्यासाठी स्वतः उठून खुर्ची ओढली. "नोव्हेंबरच्या मध्याला शाळा समितीची बैठक आहे. तोवर बोलली तर उत्तम. नाहीतर तिला गावाबाहेरच्या त्या दुसऱ्या शाळेत पाठवायचं. तिथे अशा मुलांची सोय आहे. वर्गशिक्षिकेचं मत लागेल, लेखी."

मी ती दुसरी शाळा पाहिली आहे. खिडक्या उंचावर आहेत, मुलांना बाहेरचं दिसत नाही. स्वच्छ आहे.

"बरं," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं, "तुमचं कसं काय? झोप लागते?"

"लागते," मी म्हणाले. तेही खरंच आहे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

मौनीची आई भेटून गेली. शहरातली बस चालवते. गणवेशातच आली होती, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, चेहऱ्याचा खिडकीकडचा अर्धा भाग उन्हाने रापलेला. बसायला लहान मुलांची खुर्ची दिली. दुसरी नव्हती. तिचे गुडघे छातीला लागले.

"बोलत नाही म्हणता? बाई, घरी या एकदा. कानाला दडे बसवते पोरगी. तिच्या बापाला तर नुसती दटावत असते दिवसभर, भलत्याच पोक्त बाईसारखी. माझं काही नाही त्यात, मी अशी बोलत नाही. आम्हाला वाटलं, तुमच्याकडूनच उचललं."

"माझ्याकडून कसं? मी कुठे..." मी थांबले. मी वर्गात फारसं बोलतच नाही, हे सांगायचं जिवावर आलं.

"त्या दुसऱ्या शाळेत नका हो धाडू. माझी बस त्या रस्त्याला जाते. रोज बघते मी, मुलं ओळीने आत जातात. आवाज म्हणून येत नाही. हिला एकदा गप्प मुलांत टाकलं, की बसली ती गप्पच."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी रुमाल दिला. मला काही वाटायला हवं होतं, इतकं कळलं. पायाला मुंग्या आल्या की पाय आहे हे माहीत असतं, पण टेकवत नाही, तसं.

"बघते," मी म्हणाले.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

समितीची माणसं बैठकीच्या आधी एकदा वर्ग बघणार आहेत, म्हणजे पडदाही बघणार. मी वायरकाकाला सांगून अस्वलाची गोष्ट पुन्हा रेकॉर्ड केली. चूक ती चूक. परक्या माणसांसमोर वाजायला नको.

तो कुरकुरत होता. "राहू द्या की. पोरांची जीव की प्राण आहे ती जागा. माझ्याकडच्या तिन्ही शाळांत बघतो, एवढी कुठलीच गोष्ट चालत नाही."

"हसून वाक्य तुटलंय. मुलं चुकीचं शिकतील."

"हसायला चुकीचं शिकतील?"

"तुम्ही माइक लावा."

वह्या-खडूंच्या खोलीत बसून केलं. एका दमात झालं. एकही अडखळ नाही, प्रत्येक शब्द सुटा. "टोपी गेली तरी कुठं?" म्हटलं, थोडी थांबले, पुढे गेले. समोर कपाट होतं. त्यावर जुने नकाशे गुंडाळून ठेवले होते. सिस्टर असत्या तर पट्टी वाजली नसती.

वायरकाकाने कानावरचा हेडफोन काढला. "झालं चोख," म्हणाला. पेन्सिल कानामागे खोचली, काढली, परत खोचली. "चोख झालं, बाई."

२ नोव्हेंबर, गुरुवार

नवी गोष्ट आज लागली.

मुलं नेहमीसारखी सरसावून बसली होती. पलंगाखाली, विहिरीत, सशाची उशी. "टोपी गेली तरी कुठं?" सगळ्यांनी तोंडं उघडली. काहींनी लोळायला जागा करून ठेवली होती. आणि काचेतली बाई पुढे गेली. सशाने म्हटलं, अस्वलाने म्हटलं, टोपी डोक्यावर सापडली, गोष्ट संपली.

मग शंकासुर उठला. चित्राला बोट लावून त्याने गोष्ट पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. मग तो माझ्याकडे आला.

"बाई, बाई बिघडली."

"बिघडली नाही. आता नीट सांगते."

"वायरकाकाला बोलाव."

ताई हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि डबे काढायला गेली. मौनी उठली नव्हती. काचेवर, चित्रातल्या बाईच्या तोंडावर तळहात ठेवून बसली होती. बराच वेळ. मग उठून खिडकीखाली, ठोकळ्यांच्या कपाटाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. दुपारी तिची आई न्यायला आली तेव्हाही तिथेच. उद्या काचेवरचे डाग पुसायला हवेत.

५ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. हवा, पाणी, गुडघे सगळं झालं. मग म्हणाली, "आई, तुझ्या शाळेतली ती गोष्ट मला पाठवशील? अस्वलाची."

"कशाला?"

"बाबांनी सांगितलं होतं. त्यांनी फोनच केला होता तेव्हा, तू माइक ठेवून आत गेल्या गेल्या. एवढे खूश होते. म्हणाले, तुझ्या आईला आज हसवून पाडलं. टोपी कुठं गेली, असं ती इतकी मन लावून विचारत होती, मी भाजीची चाळणी डोक्यावर घालून दारात उभा राहिलो. वाहतूक पोलिसासारखा. तीन वेळा पुरे पुरे म्हणाली, मी हललो नाही."

"दोन वेळा," मी म्हणाले.

"काय?"

"पुरे. दोन वेळा म्हटलं होतं."

ती हसली, मग तिचा आवाज फुटला, मग सावरली. "नेहमी वाढवूनच सांगायचे. पाठवशील ना? बाबा त्यात नाहीत ते माहितेय मला. पण म्हणजे आहेतच ना."

"बघते," मी म्हणाले.

हे मी आधी आठवत नाही असं लिहिलं आहे. वही चाळली, तर तसंच आहे. आठवत होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही. मग त्यांनी चाळणी त्या खुंटीवर अडकवली, टोपी अडकवतात तशी, आणि म्हणाले, "ड्युटी संपली."

६ नोव्हेंबर, सोमवार

वायरकाकाला विचारलं. तो जिन्यात भेटला.

"जुनी? जुन्याच्या जागी नवी चढते, बाई. जुनं ठेवत नाहीत. का हो, नवी खराब झाली?"

"नाही. चांगली झाली आहे."

"तुमच्याकडे घरी असेल की."

"हो," मी म्हणाले, कारण तो खाली वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागला होता.

घरी नाही. माइक त्याचाच होता, त्यालाच परत दिला होता. वर्गात गेले. एकाला लघवीला जायचं होतं, एकीची वेणी सुटली होती. घालून दिली. निळी फीत होती.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या बैठक. समितीची माणसं परवा वर्ग बघून गेली. पडदा पाहून खूश होती. एकाने मला विचारलं, "हा आवाज कुणाचा? फार स्वच्छ आहे."

मौनीबद्दलचं मत लिहून दिलं. "वर्गात कोणताही तोंडी प्रतिसाद नाही." एक ओळ आणि सही. अक्षर चांगलं आलं. यात खोटं काहीच नाही. त्या बस चालवणाऱ्या बाईचा चेहरा एकदा डोळ्यांसमोर आला, उन्हाकडची बाजू आणि सावलीकडची. मग गेला. काही दिवसांपूर्वी कुणी मला अशी सही करायला सांगितली असती तर मी भांडले असते, असं वाटतं. काही दिवस नव्हे. मार्चमध्ये.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

ते मत परत घेतलं. मोठ्या बाईंच्या टेबलावरून उचललं आणि आडवी रेघ मारली.

"अहो, तुमची सहीच आहे यावर," त्या म्हणाल्या. समितीची माणसं समोर बसली होती.

"माझीच आहे. म्हणून मीच खोडते. ती बोलते."

"कुणाशी? इथे तर आजही लाल आहे."

"मुलांशी बोलते. माझ्याशीही. टॅबशी नाही बोलत. मीही नसते बोलले."

हे शेवटचं का म्हणाले कळत नाही. एक गृहस्थ हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत, चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा आधी. घाम आलाय तुम्हाला." मी उभी राहूनच सांगितलं, की ती माझ्याच वर्गात राहील, लिहून हवं तर लिहून देते. त्यांनी कोरा कागद पुढे केला. या वेळी अक्षर वाकडं आलं. आता तो कागद त्यांच्याकडे आहे. वर्षअखेर पुन्हा बघू, असं ठरलं.

झालं ते असं.

बैठकीला दाखवायला म्हणून सकाळीच पडदा ढकलत सभागृहात नेला. त्याच्या जागी सतरंजीवर चौकोनी, न मळलेला तुकडा उरला. टॅब चार्जिंगला होते. मी ताईला म्हटलं, खेळू दे त्यांना, आणि खिडकीशी बसून हजेरीच्या बेरजा करू लागले. आधी गलका होता. मग तो कमी झाला. लहान मुलांच्या वर्गात आवाज कमी झाला की बघावं, काहीतरी फुटलेलं असतं. मी वर पाहिलं.

टॅब ज्यातून आले ते मोठं खोकं मुलांनी कोपऱ्यातून ओढून त्या न मळलेल्या चौकोनात उभं केलं होतं. त्याला हात घालायची भोकं होती, ती फाडून कुणीतरी खिडकी केली होती. खिडकीत मौनीचा चेहरा होता. केस वर गोळा करून पेन्सिल खुपसली होती. वर्ग समोर मांडी घालून बसला होता, आणि शंकासुराने पुढे होऊन तिच्या नाकाला बोट लावलं.

ती बोलायला लागली.

"एक होतं अस्वल. त्याला होती एक टोपी." माझा आवाज. म्हणजे आवाज तिचाच, चिमणीएवढा, पण थांबण्याच्या जागा माझ्या, "टोपी"ला वर जाणं माझं. पलंगाखाली. विहिरीत. सशाची उशी. ताई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती.

"टोपी गेली तरी कुठं?" मौनी म्हणाली. आणि हसली.

खो खो. श्वास लागेपर्यंत. हसताना एक बारीक शीळ येते ना घशातून, माझ्या येते, हे मला माहीत नव्हतं, तीसुद्धा. "अहो, पुरे!" मग पुन्हा. ती खिडकीतून कुणाकडे तरी बघत होती, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, दाराकडे. मी वळून पाहिलं. दारात चपलांची फळी होती. "अहो, खरंच पुरे." मग तिने मनगटाने डोळे पुसले. रेकॉर्डिंगमध्ये डोळे पुसल्याचं ऐकू येत नाही. ते तिने कुठून आणलं? मग घसा साफ केला. "हं. तर अस्वल म्हणालं..."

सगळा वर्ग लोळत होता.

ताईने फोन काढला. मी तिचा हात धरला.

"बाई, मोठ्या बाईंना दाखवायला. पुरावा होईल."

"नको."

"अहो, पण..."

"नको गं. सांगेन मी."

गोष्ट संपली. मौनी खोक्याच्या मागून बाहेर आली. मी उठले होते बहुतेक, कारण ती माझ्यासमोर होती आणि मला खाली बघावं लागत होतं. तिने खोक्याकडे बोट दाखवलं.

"आता तू," म्हणाली.

माझे गुडघे दुखतात. धरून धरून खाली बसले, खोक्यामागे सरकले. आत पुठ्ठ्याचा वास होता. खिडकीतून मुलं दिसत होती, फक्त चेहरे, वर केलेले. शंकासुराने माझ्या नाकाला बोट लावलं. बोट चिकट होतं.

मी सांगायला लागले. आवाज नीट येईना, मध्ये घोगरा झाला, विहिरीपाशी एक वाक्य विसरले तर मौनीने सांगितलं. मग ती जागा आली. "टोपी गेली तरी कुठं?" मी म्हणाले आणि थांबले. हसू नव्हतं. मी वाट पाहिली, मुलांनीही पाहिली. मी दाराकडे बघितलं, मौनीने बघितलं होतं तसं.

हे असते तर दारात तेव्हासारखेच उभे राहिले असते. हात पाठीमागे, पोट पुढे, चाळणीच्या भोकांतून डोक्यावरचे पांढरे केस वर आलेले. पोलीस म्हणे.

काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. आधी खोकं हलायला लागलं. ताई म्हणते, हसण्यानेच हललं. मला वाटलं होतं, दुसरंच काही. तोंडात खारट लागलं. मुलं एका सुरात ओरडली, "अहो, पुरे!" मीही म्हणाले. एकदा, मग पुन्हा.

पुढची गोष्ट राहिली. कुणी मागितली नाही.

शंकासुर खिडकीजवळ आला आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "बाई बाहेर आली." आणि आपल्या ठोकळ्यांकडे गेला.